वर्षाला चार प्रकल्प पुरे, पण प्रत्येक दोनदा

ऐरोलीच्या एका ताईंची मुलगी यंदा नववीत गेली. तिच्या शाळेत आठवड्याला दोन तास ‘इंजिनिअरिंग’ नावाचा विषय सुरू झालाय. पाठ्यपुस्तक नाही, लेखी परीक्षा नाही. वर्षभर वस्तू बनवायच्या आणि प्रकल्पवही ठेवायची. शाळेनं अकरा प्रकल्पांची यादी हातात दिलीय. ताईंनी विचारलंय की हे सगळं होईल का, क्रम काय ठेवावा, तयार किट आणलं तर चालेल का, घरच्यांनी किती हात लावावा, आणि मुलगी मागतेय ते ड्रिल मशीन घ्यावं का.

ताई, अकरा होणार नाहीत. जूनच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत गणपती, दिवाळी, सहामाही, स्नेहसंमेलन, पावसाच्या सुट्ट्या वजा केल्या तर हातात पंचवीसेक आठवडे उरतात. म्हणजे पन्नास तास. अकरानं भागलं तर एका प्रकल्पाला साडेचार तास. एवढ्यात वस्तू बनते, पण ती का चालली किंवा का बिघडली हे बघायला कुणी थांबत नाही. शिकायचं तर तिथंच असतं. बाईंशी बोलून यादी चारवर आणा आणि ती चारही दोनदा करा. पहिली वस्तू बनवायची, ती मोडेपर्यंत तपासायची, मग दुसरी. मी गुण देते ते दुसरीला.

मी आयटीआयची ड्राफ्ट्समन. वागळे इस्टेटमध्ये आणि नंतर रबाळ्याला टूलरूमसाठी, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागासाठी, बावीस वर्षं ड्रॉइंग काढली. गेली दहा वर्षं ठाण्यातल्या एका शाळेत हाच तास घेते. त्यामुळे खालचं सगळं माझ्या वर्गातलं आहे. तुमच्या शाळेत थोडं इकडेतिकडे होईल.

क्रम ठरवताना मी आधी आभाळाकडे बघते. जून-जुलैत ठाण्यात फेव्हिकॉल वाळत नाही. पुठ्ठा मऊ पडतो, लाकूड फुगतं. तरी बहुतेक शाळा जूनमध्ये आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करायला घेतात आणि ऑगस्टमध्ये बुरशी आलेला पूल फेकून देतात. पावसाळ्यात पाऊसच मोजावा. शीतपेयाची दोन लिटरची बाटली सरळ भागात कापायची, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, बाजूला मिलिमीटरची पट्टी. बाटलीचा तळ खाचाखाचांचा असतो, म्हणून खडे घालून सरळ भाग सुरू होईल तिथपर्यंत पाणी भरायचं आणि ती रेघ शून्य धरायची. हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदतं. आमची मुलंही साडेआठलाच गच्चीवर जातात.

सोपं वाटतं ना? एका वर्षी दोन गटांच्या बाटल्यांमध्ये दहा-बारा पावलांचं अंतर होतं. एकात ४२ मिलिमीटर, दुसऱ्यात ५१. दोघांचं भांडण जुंपलं. वर जाऊन बघितलं तर दुसरी बाटली टाकीच्या कडेला होती, टाकीवरून उडणारे शिंतोडे तिच्यात जात होते. मग एका दिवशी असा कोसळला की दोन्ही भरून वाहिल्या आणि मोजमापच गेलं. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला होता, त्यापुढे ही वीतभर बाटली काय करणार! तिथून दुसरं मॉडेल निघालं. तोंड तेवढंच, पण पाणी खाली मोठ्या कॅनमध्ये आणि मोजायचं मापपात्रानं. बाटलीच्या तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलिलिटर पाणी. नववीच्या भूमितीचा उपयोग काय, हा प्रश्न त्या वर्षी कुणी विचारला नाही.

याच दोन महिन्यांत हातानं स्केच काढणं आणि मापं देणं शिकवून घ्यायचं. इथं मी जरा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या भागाच्या, ड्रॉइंगमध्ये भोकाची जागा मशीन न केलेल्या, खडबडीत कडेपासून दिली. वर पुढची भोकं एकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी साखळीनं. चाळीस नग झाले आणि एकही दुसऱ्याशी जुळेना. फोरमन एक नग घेऊन ड्रॉइंग ऑफिसात आले, माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाले, “हा कशावर बसवू, सांगा.” मी काही बोलले नाही. अजूनही मुलं एका भोकापासून पुढचं भोक मोजायला लागली की मला तो नग दिसतो. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तर आठव्या भोकाला चार मिलिमीटर होतात. सगळी मापं एकाच कडेपासून द्यायची. मुलीला या वर्षी ड्रॉइंगमधली ही एकच सवय लागली तरी मला पुरे.

गणपती झाले, ऊन पडलं की पूल.

आधी एक तास काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी. टाकाऊतून विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची ही जुनी युक्ती. ट्यूबचे छोटे तुकडे सांध्याला लावून चौकोन करा, बोटानं ढकलला की तिरका होतो. त्रिकोण ढकलून बघा, हलत नाही. एवढं हाताला कळलं की पुलात तिरक्या काड्या कशाला, हे सांगावं लागत नाही. मुलीला एकदा ठाणे स्टेशनात लोखंडी पादचारी पुलाखाली उभं करून वर बघायला सांगा. उभे, आडवे, तिरके अँगल जिथं भेटतात तिथं जाड प्लेट असते. तिला गसेट म्हणतात. काड्यांच्या पुलात मुलं सांध्याला नुसता फेव्हिकॉलचा थेंब ठेवतात आणि पूल काडीत न मोडता सांध्यात सुटतो. काडीचाच तुकडा गसेटसारखा चिकटवला की हा रोग जातो.

आमची तपासणी अशी असते. दोन बाकांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर, त्यावर पूल, मधोमध हुकाला बादली, बादली जमिनीपासून चार बोटं वर. अर्ध्या लिटरच्या मगानं पाणी ओतत जायचं. लिटरला किलो, त्यामुळे तराजू लागत नाही. एक मूल मोबाइलवर स्लो मोशन चित्रीकरण करतं, पण समोरून नाही. पुलाच्या टोकाला उभं राहून, लांबीच्या दिशेनं बघत. याचं कारण ऐका. दोन वर्षांपूर्वी एका गटाचा पूल सात किलोला गेला. सगळ्यांना वाटलं, खालची काडी तुटली. समोरच्या चित्रीकरणात तसंच दिसत होतं. टोकाकडून घेतलेलं बघितलं तर वरच्या काड्या आधी हळूहळू बाहेर फुगल्या, धनुष्यासारख्या, मग एकदम सगळं कोसळलं. वरच्या काड्यांवर दाब असतो. काडी १० मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड, त्यामुळे दाबली की ती पातळ अंगानं वाकते, म्हणजे बाजूला. दाबाखाली वाकण्याचा हिशेब असा की मोकळी लांबी निम्मी केली तर ती चौपट वजन सोसते. त्या पोरींनी मग दोन्ही बाजूंचे सांगाडे वरून आडव्या आणि तिरक्या काड्यांनी एकमेकांना बांधले आणि वरची काडी दुहेरी केली.

ही दुहेरी काडीसुद्धा गमतीची आहे. दोन काड्या नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो. पूर्ण पृष्ठभागावर फेव्हिकॉल लावून, कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर वाळवल्या तर आठपट, कारण ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो. चिकट पदार्थ एवढं काम करतो, हे मुलांना खरं वाटत नाही. म्हणून मी तीन पट्ट्या बाकाच्या कडेला धरून बोटानं दाबायला लावते: एकेरी, सुटी दुहेरी, चिकटवलेली दुहेरी. दुसरा पूल एकोणीस किलोला गेला, आणि पहिल्यापेक्षा त्यात चौदा काड्या कमी होत्या. काड्या कमी कशा झाल्या? मी प्रत्येक गटाला विचारते, “यातली एक काडी काढायची झाली तर कुठली काढशील?” ज्याला पूल कळलाय तो विचार करतो, बोट ठेवतो. ज्याला नाही तो म्हणतो, “बाई, कुठलीच नको, मजबूत राहू दे.”

तयार किटचं उत्तर यातच आलं. किटमध्ये भोकं आधीच पाडलेली असतात, म्हणजे मोजायचं नाही. वस्तू पहिल्या झटक्यात चालते, म्हणजे बिघाड शोधायचा नाही. आणि ती मोडायला जीव होत नाही, कारण पैसे दिलेत. किट सुट्ट्या भागांची पेटी म्हणून घ्या, हरकत नाही. तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथं हे भाग असतीलच. केंद्र सरकारच्या २०१६ पासूनच्या त्या योजनेत निवडलेल्या शाळेला सहावी ते बारावीच्या मुलांसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि थ्रीडी प्रिंटरही येतो. फक्त प्रिंटरच्या नादाला नववीत लागू नये. जो कंस (ब्रॅकेट) ॲल्युमिनियमच्या पट्टीतून दहा मिनिटांत वाकवता येतो, त्याच्यासाठी चार तास यंत्रासमोर बसलेली मुलं मी बघितलीत. कंस येतो छान, पण त्या चार तासांत हात रिकामेच.

दिवाळीनंतर गाडी. यावर फार लिहीत नाही, कारण इथं नव्वद टक्के मुलं एकाच खड्ड्यात पडतात. तो खड्डा म्हणजे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. नऊ आहे म्हणजे जास्त ताकद, असा समज. ती बॅटरी थोडा करंट पुष्कळ दिवस द्यायला बनवलेली आहे. मोटर लागली की तिचा व्होल्टेज बसतो आणि गाडी दोन मिनिटांत मान टाकते. चार पेन्सिल सेल जोडा, ६ व्होल्ट मिळतात आणि गाडी तासभर धावते. त्यावर कुणी हौसेनं एल-२९८ चं लाल मोटर ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे मोटरचा करंट सांभाळणारी पाटी, लावलं तर दोनेक व्होल्ट तेच खातं, म्हणून पहिली गाडी नुसत्या स्विचवर चालवा. पिवळ्या बीओ मोटरच्या (खेळण्यातल्या गाडीची, बॅटरीवर चालणारी) तांब्याच्या पत्त्या दोनदा वायर हलली की तुटतात. सोल्डर केल्यावर वायर मोटरच्या अंगाला गरम गोंदानं चिकटवून टाकायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ही मोटर शंभर रुपयांच्या आत मिळते, तरी दोन जास्तीच्या घ्याव्यात त्या यामुळेच.

गाडीतलं खरं काम म्हणजे अंदाज आधी वहीत लिहिणं. मोटरवर मिनिटाला १०० फेरे लिहिलंय, चाक ६५ मिलिमीटरचं. परीघ २०४ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ३४ सेंटिमीटर. तीन मीटरचा व्हरांडा नऊ सेकंदांत पार व्हायला हवा. प्रत्यक्षात तेरा लागले. हे चार सेकंद कुठं गेले, यावर आमचे दोन तास जातात: चाक घसरतं का, सेल उतरलेत का, वजन कुठल्या चाकावर आहे. दुसऱ्या गाडीत सेलचा डबा मागून पुढं, मोटर लावलेल्या चाकांवर सरकवला तर वेळ अकरावर आली.

जानेवारी ते मार्च एकच मोठं काम, आणि ते खऱ्या माणसासाठी. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथून शाळांमध्ये गेलेल्या कार्यक्रमात मुलं गावातल्या लोकांची खरी कामं करत शिकतात. शहरातल्या शाळेत हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना मी सोसायटीचा वॉचमन दाखवते.

आमच्या एका गटानं पाण्याच्या टाकीचा अलार्म घेतला. हा प्रकल्प सगळीकडे होतो: दोन वायरी पाण्यात, बीसी-५४७ ट्रान्झिस्टर (इवल्या करंटनं मोठा करंट चालू करणारा), बझर. टाकी भरली, पाणी वायरींना लागलं, बझर वाजला, प्रदर्शनात टाळ्या. मी त्यांना आधी सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे पाठवलं. काका म्हणाले, “बाळांनो, तुमचं यंत्र वाजणार बाराव्या मजल्यावर. मी बसतो गेटवर. मला काय ऐकू येणार?” सर्किट झालेलं होतं आणि गिऱ्हाइकाला त्याचा शून्य उपयोग. मग लांब वायर टाकून बझर गेटवर आणला. आठवड्यानं तो वाजेनासा झाला. पाण्यातल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडून खाऊन गेल्या होत्या, कारण एकाच दिशेचा करंट सतत पाण्यातून जात होता. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले, थोडं बरं झालं. शेवटी फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारं बटण, आणला, म्हणजे करंट पाण्यातून जायचं कारणच उरलं नाही. मग काकांची पुढची तक्रार: पहाटे वाजतं, पहिल्या मजल्यावरचे ओरडतात. म्हणून आवाज बंद करायचं बटण आणि सोबत लाल दिवा. चार दिवसांनी टाकी पुन्हा वाहिली, कारण बटण बंदच राहिलं होतं. तिसऱ्या खेपेला मुलांनी असं केलं की पाणी उतरलं की बटण आपोआप पूर्ववत होतं. कारखान्यातल्या अलार्म पॅनेलवरही हाच विचार असतो, आवाज गप्प करता येतो पण दिवा विझवता येत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

इथं एक अट मी कधीच सैल करत नाही. मुलांचं सर्किट बॅटरीवर. पंपाच्या स्टार्टरला, २३० व्होल्टच्या कुठल्याही वायरला हात नाही. टाकीवर मुलं चढणार नाहीत, तपासणी बादलीत आणि वर बसवायचं प्लंबरनं.

आता घरच्यांचा हात. तुम्ही वस्तू धरा, दिवा धरा, सामान आणा. कातर, करवत, सोल्डरिंग आयर्न तिच्या हातात. सोल्डरिंगनंतर हात साबणानं धुवायचे, कारण बाजारातल्या नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. ती अडली की उत्तर देऊ नका, “मोजलंस का?” एवढं विचारा. निम्म्या वेळा तिथंच सुटतं. आणि कुठल्या मामाच्या ओळखीनं महापे किंवा रबाळ्याहून लेझरनं कापून आणलेले भाग नकोत. असा पूल माझ्यासमोर आला की मी एक सांधा सोडवून परत जोडायला सांगते, आणि मग त्या मुलाकडे बघवत नाही.

तुमची मुलगी आहे म्हणून आणखी एक. गटात चार मुलं-मुली असतील तर वही, चार्ट आणि रंगकाम मुलींकडे जातं, स्क्रूड्रायव्हर मुलांकडे. कुणी ठरवून करत नाही, तरी होतं. “तुझं अक्षर छान आहे” या वाक्यानं सुरुवात होते. मी दर तासाला कामं फिरवते. तुमच्या शाळेत तशी पद्धत नसेल तर मुलीला घरी सहज विचारा, आज भोक कुणी पाडलं? उत्तर सलग तीन आठवडे दुसऱ्याचं नाव असेल तर बाईंना भेटा.

वहीबद्दल थोडंच. पानांना आकडे घालून घ्या, पान फाडायचं नाही, पेननं लिहायचं, चुकलेलं एका रेघेनं खोडायचं. शेवटच्या आठवड्यात ‘फेअर’ करून आणलेली वही मी परत पाठवते. मला सात किलोला मोडलेल्या पुलाचं पान हवं असतं, त्यावर फेव्हिकॉलचा डाग असला तर उत्तम.

खरेदी लहानच ठेवा. स्टीलची ३० सेंटिमीटरची पट्टी, काटकोन्या, दोन सी-क्लॅम्प, डझनभर कपड्यांचे चिमटे, संरक्षक चष्मा, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, आणि गाडीच्या वेळी व्होल्ट-करंट मोजायचा साधा मल्टिमीटर. बहुतेक सगळं जांभळी नाक्याच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं.

विजेवरचं ड्रिल या वर्षी नको. हातानं फिरवायचं ड्रिल घ्या. त्यात बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, सरकतं कसं, सेंटर पंचनं (टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं) आधी खूण कशाला मारायची हे कळतं, आणि काही अडकलं तर हात थांबला की यंत्र थांबतं. शाळेत विजेचं ड्रिल वापरायची वेळ आली तर तिला तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा. केस घट्ट बांधायचे, ओढणी काढून ठेवायची, आणि तुकडा हातात न धरता वाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायचा. चौथी लोकांना उलटी वाटते: ड्रिल चालवताना हातमोजे घालायचे नाहीत. फिरणारं बिट मोज्याचा धागा पकडतं आणि मागून बोट ओढलं जातं.